टायरखालचं लिंबू

नोव्हेंबर संपत आला की माझ्या मुलीचा माँट्रियलहून एक फोन ठरलेला असतो. "बाबा, टायर बदलायला आलेय. दोन तासांची रांग आहे. म्हटलं, तेवढ्यात तुमच्याशी बोलून घ्यावं." पहिल्या वर्षी मी काळजीनं विचारलं होतं, "का गं, पंक्चर झालं का?" ती हसली. म्हणाली, "नाही हो बाबा. उन्हाळ्याचे काढायचे, हिवाळ्याचे लावायचे. एप्रिलमध्ये पुन्हा उलटं."

मी फोन ठेवला आणि हिला म्हणालो, तिकडे गाड्यांनाही स्वेटर घालतात. त्यावर आम्ही दोघं मनसोक्त हसलो. आम्ही वर्ध्याची माणसं. बर्फ आम्हाला ठाऊक तो रसवंतीवरचा, गोणपाटात गुंडाळलेला. त्याच्यासाठी कुणी चार टायरांचा वेगळा जोड घेऊन ठेवतं, तो सात-आठ महिने कोठीत रचून ठेवतं आणि दर हिवाळ्याला पैसे मोजून चढवून घेतं, हे आम्हाला श्रीमंतांचं खूळच वाटलं.

खूळ नव्हे, कायदा आहे, हे नंतर समजलं. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च या काळात मोटारीला हिवाळी टायर असलेच पाहिजेत. २००८ साली ही सक्ती आली तेव्हा आरंभाची तारीख १५ डिसेंबर होती, पुढे ती अलीकडे ओढली. शेजारच्या ओंटारिओत सक्ती नाही, पण हिवाळी टायर लावणाऱ्याला विमा कंपनीनं हप्त्यात सूट द्यावी असा नियम आहे. बँकेत जन्म घालवलेल्या माणसाला हा दुसरा मार्ग अधिक पटतो. माणसाला दंडापेक्षा सवलत लवकर समजते.

पुढच्या एका हिवाळ्यात मी स्वतः तिकडे गेलो आणि जावईबापूंबरोबर त्या टायरच्या दुकानात तासभर बसलो. माझ्या कादंबऱ्यांसाठी मी नाही नाही त्या ठिकाणी तासन् तास बसलेलो आहे, त्यामुळे वेळ वाया गेला असं मला वाटत नाही. तिथं पहिली गोष्ट कळली ती अशी की, हिवाळी टायरचं मर्म त्याच्या नक्षीपेक्षा त्याच्या रबरात आहे. आपल्या घरी डिसेंबरात तूप थिजतं आणि मे महिन्यात त्याचं पाणी होतं, तसंच रबराचं. नेहमीचा टायर साधारण सात अंशांच्या खाली गेला की ताठरतो, रस्त्याला धरत नाही. मग रस्त्यावर बर्फ असो की नसो. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहील असं मुद्दाम बनवलेलं असतं आणि त्यावर ब्लेडनं मारल्यासारख्या शेकडो बारीक चिरा असतात. त्या चिरांत बर्फ दाबून बसतो आणि खालच्या बर्फाला धरतो. बर्फाला बर्फच चांगला चिकटतो, हे लहान मुलाला हातात गोळा वळताना कळतं तेवढंच सोपं आहे.

दुसरी गोष्ट खुणांची. काही टायरांवर 'एम अधिक एस' अशी अक्षरं असतात, म्हणजे चिखल आणि बर्फ. ती बनवणाऱ्यानं आपल्या मनानं छापायची, त्यासाठी परीक्षा नाही. दुसरी खूण तीन शिखरांच्या डोंगराची आणि त्यातल्या हिमकणाची. ती बर्फावर चाचणी उतरल्याशिवाय मिळत नाही. मला आमचे कर्जाचे अर्ज आठवले. एक असतं अर्जदाराचं स्वयंघोषणापत्र आणि दुसरा असतो तलाठ्याचा सातबारा!

जावईबापू पहिल्या वर्षी दोनच टायर घेणार होते, पैसे वाचवायला. दुकानदारानं समजावलं की पुढची चाकं धरून ठेवतील आणि मागची निसटतील, मग गाडी जागच्या जागी भोवऱ्यासारखी फिरेल. घ्यायचे तर चारही. आणि नक्षीची खोली चार मिलिमीटरवर आली की बर्फासाठी तो टायर संपला. ऑस्ट्रियात तर हा चार मिलिमीटरांचा आकडा कायद्यातच आहे.

हा टायर पहिल्यांदा केला फिनलंडमधल्या एका रबर कारखान्यानं, १९३४ साली, मालमोटारींसाठी. दोन वर्षांनी मोटारींसाठीही केला. तोच कारखाना गमबूटही बनवायचा आणि पुढे १९६७ साली नोकिया नावाच्या उद्योगात सामील झाला. होय, तेच नोकिया. आपल्या घराघरात ज्याच्या फोनवर पोरं सापाचा खेळ खेळायची, त्याचं एक मूळ बर्फातल्या टायरात आहे. असो.

परतीच्या विमानात मात्र माझं हसू मावळलं होतं. मनात येत होतं की ही माणसं आपल्या हवामानाला भितात, म्हणून त्याची तयारी करतात. आपल्याकडे हवामान नाही की काय? वर्ध्याला डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा आठ-दहावर येतो आणि मे महिन्यात दुपारी पंचेचाळीस-सेहेचाळीसला टेकतो. त्या दुपारी डांबर साठ अंशांच्या पुढे तापलेलं असतं, अनवाणी माणूस त्यावर चार पावलं टाकू शकत नाही. त्याच डांबरावर, तळहाताएवढ्या चार ठशांवर, आपलं सगळं कुटुंब, आंब्याची पेटी आणि गव्हाचं पोतं घेऊन आपण निघतो. आपला बर्फ हा आहे. तो पांढरा नाही, म्हणून दिसत नाही, एवढंच.

आता एक जुनी गोष्ट सांगतो. ती मी कोणत्याही कादंबरीत लिहिलेली नाही.

१९९४ साली मी आर्वी तालुक्यातल्या एका शाखेत कर्जाचं टेबल सांभाळत होतो. एक तरुण सेकंडहँड जीपसाठी कर्ज मागायला आला. काळी-पिवळी चालवायची, आर्वी-पुलगाव. कागद चोख, जामीनदार भला माणूस. मी जीप बघायला गेलो. त्या काळी चासी नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासायची आणि ठसा उतरवून घ्यायचा, ही आमची रीत. त्यासाठी मी गुडघ्यावर बसून वाकलो. माझं नाक टायरपासून हातभरसुद्धा लांब नव्हतं. तो म्हणाला, "सायेब, गाडी त चांगली हाय, पन टायर पार गुळगुळीत झाले. पाच टायरचे पैसे बी लोनात धरा न." मी कपडे झटकत उठलो आणि म्हणालो, "टायर म्हणजे झिजणारी वस्तू. ती दुरुस्तीत येते, मालमत्तेत नाही. ती तू धंद्यातून कर." त्याच्या अंदाजपत्रकातली साडेआठ हजारांची ओळ मी लाल शाईनं खोडली. नियमाप्रमाणे बरोबरच होतं. त्याबद्दल तपासनिसानं मला कधी एक शेरा दिला नाही.

त्यानं दोन रिमोल्ड टायर टाकले आणि बाकीचे तसेच ठेवले. पुढच्या वर्षी मे महिन्यात, लग्नाच्या दाट तिथीला, भर दुपारी मागचा टायर फुटला. जीप नालीत गेली. आत चौदा माणसं होती. एक म्हातारी जागच्या जागी गेली. त्याचा पाय मोडला, तो पुढे कधी नीट टेकला नाही. फुटलेला टायर रिमोल्डपैकी नव्हता. ज्याला हात लावायला पैसे नव्हते, त्या जुन्यांपैकी होता. विमा कंपनीनं जादा माणसं आणि झिजलेले टायर, दोन्हीवर बोट ठेवलं. कर्ज थकलं. वसुलीची नोटीस मीच काढली, सही माझीच होती.

चौदा माणसं होती, ऊन होतं, जीप जुनी होती. सगळं पाप त्या एका लाल रेघेचं, असं मी म्हणत नाही आणि तसं म्हणणं हाही एक दिमाखच होईल. पण रेघ माझी होती, हेही खरं. त्यानं २००१ पर्यंत सगळं कर्ज फेडलं. नादेय दाखला घ्यायला आला तेव्हा मी खुर्चीवरून उठून त्याला चहा दिला. टायरचा शब्द त्यानं काढला नाही. मीही काढला नाही.

टायर मुका असतो. त्यामुळे कधी तो दुर्लक्षिला जातो, तर कधी सगळं त्याच्या माथी मारता येतं. १ जुलै २०२३ च्या रात्री समृद्धी महामार्गावर, सिंदखेडराजाजवळ, नागपूरहून पुण्याला जाणारी खासगी बस उलटून पेटली आणि २५ माणसं गेली. त्यात आमच्या वर्ध्याची माणसं होती. ती सकाळ या गावात ज्यांनी काढली, ती ते विसरणार नाहीत. पहिली बातमी आली ती 'टायर फुटला' अशी. मग परिवहन खात्याच्या तपासणीत टायर फुटल्याची खूण सापडली नाही. म्हणून मला वाटतं, टायरकडे गाडी निघण्याआधीच बघावं. नंतर त्याच्याविषयी जो तो आपल्या सोयीचं बोलतो.

समृद्धीनं आमच्या जिल्ह्याचं प्रवासाचं गणितच बदललं. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी खुला झाला आणि ५ जून २०२५ ला शेवटचा इगतपुरी-आमणे टप्पा होऊन ७०१ किलोमीटरचा रस्ता पुरा झाला. येळाकेळीला किंवा विरुळला चढलं की मोटारीला ताशी १२० ची मुभा. जुन्या रस्त्यावर दर दहा मिनिटांनी गाव यायचं, बैल आडवा यायचा, चहाची टपरी दिसायची. माणूस थांबायचा, त्याच्याबरोबर टायरही थंड व्हायचा. आता तो तीन-तीन तास थंड होत नाही. मोटारीचं चाक किलोमीटरला पाचशेच्या वर फेऱ्या घेतं, म्हणजे १२० च्या वेगात मिनिटाला हजारावर. प्रत्येक फेरीत त्याची बाजू दबते आणि सुटते. एखादी तार हातात घेऊन मागेपुढे वाकवत राहा, ती गरम होते, मग तुटते. हवा कमी असेल तर बाजू जास्त दबते, जास्त तापते.

इथंच आपल्याकडचा सर्वांत घातक समज बसलेला आहे. "उन्हाळा आहे, हवा चार पौंड कमी ठेवा, नाहीतर फुटेल." हे मी ट्रकवाल्यांकडून, पंक्चरवाल्यांकडून, एका प्राध्यापकांकडूनसुद्धा ऐकलं आहे. खरी गोष्ट नेमकी उलट. उन्हानं हवेचा दाब वाढतो, दर सहा अंशांना साधारण एक पौंड, हे खरं. पण तेवढी वाढ धरूनच टायर बनवलेला असतो. हवा कमी केली की तोच टायर लोळत चालतो, आतून तापतो, त्याचे थर सुटू लागतात आणि मग फुटतो. हिवाळ्याचा धोका वेगळा. ऑक्टोबरच्या उन्हात भरलेली हवा डिसेंबरच्या पहाटे आपोआप तीन-चार पौंडांनी उतरलेली असते, आणि ती कुणी बघत नाही. हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी बघावी. आकडा घ्यावा तो चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या चिठ्ठीतला. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो. नायट्रोजनविषयी पुष्कळांनी मला विचारलं. साध्या हवेतच अठ्ठ्याहत्तर टक्के नायट्रोजन असतो. भरायचा तर भरा, पण महिन्यातून एकदा मोजायचं काम त्यानं सुटत नाही.

टायर निवडायचा कसा, हे मी आता दुकानात बसून शिकलो आहे, आणि शिकलेलं सांगायची खोड लेखकाला असतेच. टायरच्या बाजूवर लिहिलेलं असतं, उदाहरणार्थ, १८५/६५ आर १५ ८८ एच. यातला ८८ हा भार सांगतो, एका टायरला ५६० किलो. 'एच' हा वेग, २१० पर्यंत. 'टी' असेल तर १९०. कुणी म्हणेल, आम्हाला कुठं इतक्या वेगानं जायचंय? जायचं नाहीच. पण वरच्या वर्गाचा टायर उष्णताही जास्त सोसतो, आणि आपल्याला विकत घ्यायची आहे ती सोशीकता. म्हणून गाडीबरोबर आलेल्या अक्षराच्या खाली कधी उतरू नये. पुष्कळ टायरांवर तापमानाचा वर्गही छापलेला असतो, ए, बी किंवा सी. विदर्भातल्या माणसानं तिथं 'ए' शोधावा. आणि हौसेनं परदेशी हिवाळी टायर मिळाला तरी आपल्याकडे लावू नये. आपल्या मे महिन्यात त्याचं रबर तुपासारखं मवाळ होईल, ब्रेक दाबल्यावर गाडी लांब जाऊन थांबेल.

सर्वांत महत्त्वाचे चार आकडे एका लंबगोल चौकटीत असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. दुकानदार सवलतीत देतो तो टायर पुष्कळदा दोन-तीन वर्षं गोदामात पडलेला असतो. घासलेला नसतो, पण रबराचं वय कपाटातल्या माणसासारखं, न वापरताही वाढतं. आपण दुधाच्या पिशवीवरची तारीख बघतो, औषधाच्या गोळीवरची बघतो. दुकानदारानं टायरची तारीख बिलावर लिहून दिलीच पाहिजे, असा आग्रह गिऱ्हाइकांनी धरायला काय हरकत आहे?

झीज बघायला यंत्र लागत नाही. खाचेच्या तळाशी रबराच्या लहान लहान आडव्या उंचवट्या असतात. वरचं रबर झिजून त्यांच्या पातळीला आलं की खोली १.६ मिलिमीटर उरली, आणि आपल्या नियमांप्रमाणे मोटारीचा टायर बाद झाला. मी मात्र मृगाची वाट बघत तिथपर्यंत थांबणार नाही. पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल आणि काळ्या मातीची धूळ मिळून जो लोण्यासारखा थर होतो, तो आमच्याकडे दरवर्षी किती स्कूटी आडव्या पाडतो हे कॉलेजच्या रस्त्यावर राहणाऱ्यांना विचारा. दोनच नवे टायर घ्यायची ऐपत असेल तर मोटारीला ते मागे लावावेत. आपण सगळे पुढे लावतो. ओल्या रस्त्यावर मागचं निसटलं की साधा चालक गाडी सावरू शकत नाही. माँट्रियलच्या त्या दुकानदारानं सांगितलेलं इथं तसंच्या तसं लागू पडतं. ट्रकवाले नवा टायर पुढे आणि रिमोल्ड मागे लावतात ते वेगळ्या कारणानं. त्यांच्या मागच्या चाकांना टायरची जोडी असते, एक गेला तरी दुसरा तोलून धरतो. रिमोल्डलाही मी शिव्या देणार नाही. चांगल्या सांगाड्यावर नीट चढवलेला रिमोल्ड विमानांनासुद्धा चालतो. सांगाडा चांगला आहे की नाही हे बघायला दुकानात कुणी आहे का, एवढाच प्रश्न.

२०२३ मध्ये परिवहन खात्यानं समृद्धीच्या तोंडाशी टायर तपासायला सुरुवात केली आणि गुळगुळीत टायरच्या गाड्या परत फिरवल्या. उत्तम केलं. पण ही तपासणी मोहिमेसारखी येते आणि मोहिमेसारखी जाते. माझ्या जुन्या व्यवसायातल्या मंडळींनाही माझं सांगणं आहे. वापरलेल्या गाडीला कर्ज देताना टायरचा फोटो आणि तारखेचे चार आकडे फाइलला लावा, आणि टायरची रक्कम कर्जात धरा. आपण ज्याला तारण म्हणतो ते शेवटी त्या चार ठशांवरच उभं असतं.

आणि घरातलं? आपल्याला क्वेबेकसारख्या कायद्याची गरज नाही, आपल्याकडे दसरा आहे. त्या दिवशी गाडी धुतो, झेंडूचा हार घालतो, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढतो, चाकाखाली लिंबू ठेवून चिरडतो. टायरच्या इतक्या जवळ आपण वर्षातून एकदाच जातो. तेव्हाच हिवाळा तोंडावर असतो, आणि गुढीपाडव्याला उन्हाळा. माझी मुलगी टायर बदलते ते जवळजवळ याच दोन वेळांना.

गेल्या दसऱ्याला मी टॉर्च घेऊन अंगणात चाकापाशी उकिडवा बसलो होतो. ही आरतीचं ताट घेऊन उभी. "अहो, मुहूर्त टळतोय. काय शोधताय तिथं?" चारही टायर बरे निघाले. शेवटी डिकी उघडून स्टेपनी काढली. एकदम कोरी, अंगावरचे रबराचे केससुद्धा शाबूत. आकडे वाचले: ४७१४. अकरा वर्षांत तिला कधी जमीन लागली नव्हती, आणि ऐनवेळी तिच्याच भरवशावर आम्ही दरवर्षी पुण्याला जात होतो.

दुसऱ्या दिवशी दुकानात नेली. दुकानदार म्हणाला, "साहेब, हा त नवा आहे. कायले बदलता? ठेवून द्या इथं, कोणी न कोणी घेऊन जाईल."

मी त्याला म्हटलं, त्याला दोन ठिकाणी आरपार भोकं पाड, मी परत नेतो. त्यानं माझ्याकडे जरा विचित्र नजरेनं पाहिलं, पण पाडून दिली. दोर ओवून तो आता आमच्या कडुलिंबाला टांगला आहे. शेजारची पोरं शाळेतून आली की त्यावर बसण्यासाठी भांडतात.